सीटी स्कॅनचे चित्र : आकड्यांचा हिशेब

घरात कोणी झाडावरून किंवा गाडीवरून पडले, कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, कोणाची पोटदुखी महिनाभर थांबेना, की डॉक्टर म्हणतात, 'सीटी स्कॅन करून आणा.' मग घरची माणसे पैशांची जुळवाजुळव करून बेळगाव, मिरज किंवा बांबोळी गाठतात. काही वेळाने हातात एक मोठे पाकीट येते. उजेडाकडे धरून पाहिले तर एकाच काळ्या फिल्मवर वीस-पंचवीस लहान लहान चौकटी दिसतात. कशाचा काही अर्थ लागत नाही.

आजाऱ्यांना भेटण्यास जाणे हे आमचे नित्याचे काम असल्याने ही पाकिटे आमच्या पाहण्यात वरचेवर येतात. कोठे ती गादीखाली असतात, कोठे कपाटावर धूळ खात असतात, कोठे पावसाळ्यात ओल लागून एकमेकांस चिकटलेली असतात. रिपोर्टचा कागद सापडत नाही. सोबत दिलेली सीडी मुलांनी खेळायला घेतलेली असते. पुढे दुसऱ्या इस्पितळात जावे लागले की तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो. पुन्हा तितकाच खर्च होतो आणि पुन्हा तितकेच किरण अंगातून जातात.

हे नुकसान बहुतांशी टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. स्कॅनचे चित्र हा शरीराच्या आतला फोटो नसतो. ती एक आकड्यांची वही असते, आणि त्या आकड्यांवरून संगणक आपल्याला हवे ते चित्र रेखाटून देतो. हे कसे घडते ते या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

रोंटगेनची सावली

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यात क्ष-किरण शोधून काढले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. हाडात किरण अधिक अडतात, मांसात कमी अडतात, आणि मागच्या काचेवर त्यांची सावली पडते. आजही मोडलेला हात पाहण्यास ही सावली पुरेशी होते.

पण सावलीत एक उणीव असते. दिव्यापुढे दोन माणसे एकामागे एक उभी राहिली तर भिंतीवर दोघांची मिळून एकच सावली पडते. पुढे कोण आणि मागे कोण हे तिच्यावरून कळत नाही. मेंदूच्या बाबतीत तर अडचण मोठी होती. भोवती कवटीचे जाड हाड, आणि आत सर्वत्र जवळजवळ सारखाच मऊ पदार्थ. साध्या क्ष-किरणांनी कवटी दिसे, आतली गाठ दिसत नसे. म्हणून जुन्या काळी रोग्याच्या पाठीच्या कण्यातून हवा भरून ती मेंदूतील पोकळ्यांत चढवीत आणि मग चित्र घेत. त्या तपासणीने रोग्याचे डोके असह्य दुखे आणि ओकाऱ्या होत.

शेतकऱ्याचा मुलगा

या अडचणीतून वाट काढणारे गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड हे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील एका शेतकऱ्याचे पुत्र. पाच भावंडांत सर्वांत धाकटे. त्यांचा जन्म १९१९ सालचा. शेतावरची यंत्रे उघडून पाहण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. घरी बनवलेले पंख घेऊन त्यांनी गवताच्या गंजीवरून उड्या मारल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानदलात रडारचे काम शिकून घेतले, नंतर विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९५१ मध्ये ते ईएमआय कंपनीत लागले. कुत्र्याचे चित्र असलेल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना ही कंपनी परकी वाटणार नाही.

१९६७ च्या सुमारास हाऊन्सफिल्ड यांच्या मनात असा प्रश्न आला की, एखाद्या बंद पेटीतून सर्व बाजूंनी किरण सोडून मोजमापे घेतली, तर आत काय आहे हे पेटी न उघडता सांगता येईल काय? त्यांनी पहिले यंत्र एका जुन्या लेथच्या पाट्यावर उभारले. त्याला एका वस्तूची मापे घेण्यास नऊ दिवस लागले, आणि त्या मापांवरून चित्र काढण्यास मोठ्या संगणकाला अडीच तास लागले. पुढे क्ष-किरणांची नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. प्रयोगासाठी बैलाचे मेंदू लागत. ते घेऊन हाऊन्सफिल्ड लंडनमधून सार्वजनिक वाहनाने प्रवास करीत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

या प्रश्नाचे गणित दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक यांनी आधीच सोडवले होते. १९५६ मध्ये केपटाऊनच्या इस्पितळात काम करताना त्यांना तो सुचला. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी लेख प्रसिद्ध केले, पण वैद्यकीय जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. लेखाची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणारी एक संस्था होती. डोंगरावरच्या बर्फाच्या थरांना ही रीत लागू पडेल काय, हे तिला पाहायचे होते. पुढे १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हाऊन्सफिल्ड आणि कॉरमॅक या दोघांना मिळून देण्यात आले.

झाकलेल्या पेटीतील सुपाऱ्या

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. चार खणांची एक झाकलेली पेटी घ्या. वर दोन खण, खाली दोन खण. प्रत्येक खणात काही सुपाऱ्या आहेत. झाकण उघडायचे नाही. आपल्याला फक्त बेरजा सांगितल्या आहेत. वरच्या ओळीत मिळून ५, खालच्या ओळीत ९. डावीकडच्या उभ्या ओळीत ६, उजवीकडच्या ८. तर कोणत्या खणात किती सुपाऱ्या?

वर २ आणि ३, खाली ४ आणि ५, असे मांडले तर चारही बेरजा जुळतात. पण वर १ आणि ४, खाली ५ आणि ४, असे मांडले तरीही त्या जुळतात. म्हणजे दोन बाजूंनी मोजून उत्तर निश्चित होत नाही. आता आणखी एक तिरकी बेरीज सांगितली, की वरचा डावा खण आणि खालचा उजवा खण मिळून ७. लगेच उत्तर एकच उरते : २, ३, ४ आणि ५. घरच्या मुलांना हा खेळ घालून पाहावा. त्यांना तो आवडेल, आणि सीटी स्कॅनचे मर्मही त्यातच आहे.

क्ष-किरण शरीरातून आरपार जातो तेव्हा वाटेत तो एकंदर किती अडला एवढेच कळते. ती एका ओळीची बेरीज झाली. यंत्र रोग्याभोवती फिरत अनेक बाजूंनी अशा बेरजा घेते, आणि कोणत्या खणात किती हे संगणक शोधून काढतो. रोग्यांसाठी बनवलेल्या पहिल्या यंत्रात एका बाजूने १६० मापे घेत, आणि एकेक अंशाने वळत १८० बाजूंनी घेत. म्हणजे एकूण २८,८०० मापे झाली. त्यांवरून ८० आडवे आणि ८० उभे असे ६,४०० खण भरून मेंदूची एक चकती तयार होई. चकती म्हणजे सुरीने काकडी आडवी कापली असता दिसतो तसा भाग. येथे सुरी मात्र कोठेच लागत नाही.

पहिली रोगी

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली इस्पितळात एका स्त्रीला या यंत्रात झोपवण्यात आले. तिच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय होता. क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अँब्रोझ हे हाऊन्सफिल्ड यांच्यासोबत काम करीत होते. एका फेरीला सुमारे पाच मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ डोके न हलवता पडून राहावे लागे. नंतर मापांची फीत दुसरीकडच्या संगणकाकडे हिशेबासाठी पाठवण्यात आली. चित्र परत आले तेव्हा संशयाच्या जागीच एक गोल, काळसर डाग दिसला. शस्त्रक्रियेत गाठ तेथेच सापडली. १९७२ च्या एप्रिलमध्ये हे काम जाहीर झाले, आणि कण्यातून हवा भरण्याची ती यातना हळूहळू मागे पडली.

आकड्यांना रंग कोण देतो?

प्रत्येक खणात संगणक जो आकडा भरतो त्याला हाऊन्सफिल्ड यांचेच नाव दिलेले आहे. या मोजपट्टीवर पाण्याचा आकडा शून्य धरतात आणि हवेचा उणे १,०००. चरबी उणे १०० च्या आसपास येते. मेंदूचा पदार्थ साधारण ३० ते ४०, नुकतेच साकळलेले रक्त ६० ते ८०, आणि घट्ट हाड १,००० किंवा त्याच्याही वर.

यातील मेंदू आणि रक्त यांचे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. फरक जेमतेम ३० ते ४०, म्हणजे पाण्याच्या मापाने तीन-चार टक्के. साध्या क्ष-किरण फिल्मवर तो मुळीच दिसत नाही, पण या वहीत तो नोंदलेला असतो. पक्षाघाताच्या रोग्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे की नाही, हे या एवढ्याशा फरकावरून काही मिनिटांत कळते. रक्तवाहिनी तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. ते इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, की मालीश आणि काढे करीत न बसता रोग्याला तडक स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात न्यावे.

आता चित्राकडे वळू. उणे १,००० पासून अधिक १,००० पर्यंत दोन हजार पायऱ्या झाल्या. आपल्या डोळ्यांना काळ्यापांढऱ्यातील काही डझन छटाच वेगळ्या ओळखता येतात. म्हणून तंत्रज्ञ संगणकाला सांगतो, 'मला या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंतचेच दाखव. खालचे सगळे काळे कर, वरचे सगळे पांढरे कर.' मेंदू पाहायचा तर एक पट्टा निवडतात, हाड पाहायचे तर दुसरा, फुप्फुस पाहायचे तर तिसरा. आकडे तेच, वही तीच, पण चित्रे तीन. एकात कवटीची बारीक चीर दिसते, दुसऱ्यात ती दिसत नाही पण रक्त दिसते.

आपल्या हाती येते ती फिल्म म्हणजे अशा शेकडो संभाव्य चित्रांतून कोणीतरी निवडून छापलेली काही चित्रे होत. संपूर्ण वही सीडीत किंवा इस्पितळाच्या संगणकात असते. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून मोठ्या डॉक्टरला पाठवला, तर त्या डॉक्टरच्या हाती निवडीतलीही निवड पडते.

चकत्यांचा ढीग आणि रंगीत चित्रे

चकत्या एकावर एक रचल्या की पाव पुन्हा अखंड होतो. १९८७ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्सन आणि क्लाइन या दोघांनी एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यात संगणक लागून असलेल्या खणांचे आकडे पाहतो, हाड कोठे संपते ते ठरवतो आणि त्या सीमेवर असंख्य लहान त्रिकोण जोडून पृष्ठभाग तयार करतो. मग त्यावर खोटा उजेड आणि खोटी सावली टाकली की पडद्यावर कवटी हातात धरल्यासारखी फिरवता येते. मोडलेला जबडा सांधण्यापूर्वी शल्यचिकित्सक अशा चित्रावर आपली आखणी करू शकतात.

ही चित्रे रंगीत आणि देखणी असतात. पण हाडाचा हस्तिदंती रंग आणि रक्तवाहिनीचा तांबडा रंग हे शरीरातून आलेले नसतात. आकडा शरीराचा असतो, रंग चित्र करणाऱ्याचा. 'आम्ही रंगीत स्कॅन केला' असे कोणी अभिमानाने सांगितले तर त्याने रोगाचे निदान अधिक खरे झाले असे समजू नये. पुष्कळदा तज्ज्ञ आपला निर्णय करड्या चकत्या पाहूनच देतात.

खऱ्या रंगांचे एक मोठे काम मात्र झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या आणि १९९५ मध्ये एका स्त्रीच्या संपूर्ण मृतदेहाची चित्रे अभ्यासकांना खुली केली. देहांचे आधी स्कॅन केले, मग ते गोठवून थराथराने तासले आणि प्रत्येक थराचा फोटो घेतला. पुरुषाचे थर एक मिलिमीटरचे, एकूण १,८७१. स्त्रीचे थर त्याच्या तिसऱ्या हिश्शाचे, पाच हजारांहून अधिक. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग झाला. तो पुरुष टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेला कैदी होता. त्याने देहदान केले होते, पण कैदेतील माणसाची संमती कितपत मोकळी मानावी यावर तेव्हा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पडद्यावर कितीही सुबक दिसले तरी प्रत्येक आकडा कोणा एका माणसाच्या देहातून आलेला असतो. त्या देहाचा मान राखणे हे आमच्या मते विज्ञानाचेही कर्तव्य आहे.

चित्र फसवूही शकते

हिशेबात चूक झाली तर चित्र चुकते, आणि चुकलेले चित्रही तितकेच सुंदर दिसते. २००९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी मेंदूचे व्यापार दाखवणाऱ्या एमआरआय यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. हजारो खणांच्या तपासणीत योगायोगाने येणाऱ्या चुका वजा केल्या नाहीत, तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही विचार चालू असल्यासारखे ठिपके दिसले. आवश्यक ती वजावट करताच ते नाहीसे झाले. हिशेब तपासल्यावाचून चित्रावर विश्वास ठेवू नका, हेच त्यांना दाखवायचे होते.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. २०१९ मध्ये इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये संगणकाच्या साहाय्याने नसलेली कर्करोगाची गाठ घुसवता येते आणि असलेली पुसता येते. ती बनावट चित्रे पाहून तीन क्ष-किरणतज्ज्ञही फसले. हा प्रयोग सावधगिरीसाठी होता. त्याचा बोध असा की, स्कॅन जेथे झाला तेथूनच तो मूळ रूपात, तारीख आणि नावासह घ्यावा, आणि रोग्याची लक्षणे व स्कॅन यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे.

मातीतील मुळे

शेतकरी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नॉटिंगहॅम विद्यापीठात हाऊन्सफिल्ड यांच्या नावाची एक प्रयोगशाळा आहे. तेथे कुंडीतील रोप न उपटता मातीसकट स्कॅन करतात आणि मुळे कशी वाढतात ते पाहतात. रोप उपटले की बारीक मुळे तुटतात. स्कॅनमध्ये ती जागच्या जागी राहतात, आणि तेच रोप आठवड्याने पुन्हा पाहता येते. पण येथेही तीच अडचण आहे. मुळाचा आकडा आणि ओल्या मातीतील पाण्याचा आकडा फार जवळ येतात. मूळ कोणते आणि पाणी कोणते हे संगणकाला शिकवावे लागते, आणि माणसाला तपासावे लागते. शेतकऱ्याच्या मुलाने काढलेली रीत अशा प्रकारे पुन्हा शेतीकडे आली आहे.

घरच्या माणसांनी काय करावे

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगून लेख संपवतो.

पहिली गोष्ट, सीडी मागून घ्यावी. 'सर्व चकत्या सीडीत आहेत ना?' असे विचारावे. दुसऱ्या डॉक्टरला त्याच आकड्यांवरून आपल्याला हवे ते चित्र काढता येते, आणि पुष्कळदा नवा स्कॅन टळतो. जमिनीचा उतारा आपण जसा जपतो, तशी फिल्म, रिपोर्ट आणि सीडी एका कोरड्या पिशवीत जपावी, आणि वर रोग्याचे नाव व तारीख लिहावी. जुना स्कॅन टाकू नये. गाठ वाढली की घटली हे जुन्याशी ताडून पाहिल्यावरच कळते.

दुसरी गोष्ट किरणांची. छातीच्या एका साध्या क्ष-किरण फोटोत जितके किरण लागतात, त्याच्या सुमारे शंभरपट पोटाच्या एका सीटी स्कॅनला लागू शकतात, आणि डोक्याच्या स्कॅनला सुमारे वीसपट. गरज असेल तर हा धोका पत्करण्याजोगा आहे, कारण रोग न कळण्याचा धोका फार मोठा असतो. पण 'एकदा सगळे अंग तपासून टाकू' म्हणून हौसेने स्कॅन करू नये. मुलांच्या बाबतीत अधिक जपावे. सोनोग्राफीने किंवा एमआरआयने काम भागेल काय, असे विचारण्यात संकोच नको. त्या दोहोंत क्ष-किरण नसतात.

तिसरी गोष्ट, आधी सांगायचे ते आधी सांगावे. स्त्री गरोदर असेल किंवा तशी शंका असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, मधुमेहाची औषधे चालू असतील, पूर्वी स्कॅनच्या इंजेक्शनाने अंगावर गांधी उठल्या असतील, तर यंत्रावर झोपण्यापूर्वी बोलावे. एमआरआय असेल तर शरीरातील पेसमेकर किंवा धातूची वस्तू यांची माहिती द्यावी.

चौथी आणि शेवटची गोष्ट. स्कॅन झाला म्हणजे उपचार झाला असे होत नाही. ज्या डॉक्टरने रोग्याचे पोट हाताने दाबून पाहिले, कोठे दुखते ते विचारले, त्याच्याकडे ती वही घेऊन परत जावे आणि तीन प्रश्न विचारावेत : यात काय दिसले, काय दिसले नाही, आणि आता पुढे काय करायचे? तिन्हींची उत्तरे समजेल अशा मराठीत मिळेपर्यंत उठू नये.